सौराष्ट्राच्या सहलीची बाकी

वडील गेले त्या पावसाळ्यात आमच्या जळगावच्या घरात एकच काम नेमाने चालू होतं, ते म्हणजे एकेक गोष्ट बंद करण्याचं. जिवंतपणी माणूस किती ठिकाणी लावून ठेवलेला असतो, हे तो गेल्यावर कळतं. वडिलांचं सकाळचं अर्धा लिटर दूध वेगळं होतं, पेपर वेगळा होता. रविवारी घरी येऊन दाढी करणारा न्हावी होता. वाचनालयाची वर्गणी होती. रेल्वेतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी स्टेशनवरच्या सायकल स्टँडचे महिन्याचे पैसे ते भरत होते. कशासाठी, ते त्यांनाच ठाऊक.

हे सगळं बंद करायची जबाबदारी मोठा मुलगा म्हणून माझी. ‘मी सांगतो’ असं मी प्रत्येक गोष्टीबद्दल म्हणालो आणि सांगितलं कुणालाच नाही. दूधवाला रोज माप ओतून जायचा, आम्ही रोज त्या जादा दुधाचा चहा करायचो. शेवटी एका सकाळी आई स्वतः दारात गेली आणि म्हणाली, “उद्यापासून आबांचं नको.” पेपरवाल्याला, न्हाव्याला, वाचनालयातून वसुलीला येणाऱ्या माणसाला, सगळ्यांना तिनेच दारात उभं राहून सांगितलं. आवाज चढला नाही की कापला नाही. भाजी नको म्हणावं तसं.

आईबद्दल एवढं सांगायला हवं की ती धुळ्याची. एरवी आमच्याशी जळगावच्या शाळेत चालेल असं मराठी बोलायची आणि फार चिडली किंवा फार थकली की अहिराणीवर यायची. त्या तीन महिन्यांत ती कुठल्याच भाषेत फारसं बोलत नव्हती.

मीही तसाच होतो. दात काढण्याआधी डॉक्टर सुई टोचतो आणि मग गाल आपला असूनही आपला वाटत नाही, तसं मला सगळंच वाटायचं. ऑफिसला जात होतो, फायली इकडच्या तिकडे करत होतो. मी पाटबंधारे खात्यात कारकून. कागद न हलवता हलवल्यासारखा दाखवणं हा आमचा हातखंडा, त्यामुळे माझं काही बिघडलंय हे तिथे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

एक गोष्ट मात्र बंद करायची राहिली होती. सौराष्ट्राची सहल.

वडिलांची सगळी नोकरी भुसावळला रेल्वेत. वर्षाला फुकट पास मिळायचे. त्या पासांवर आम्ही खानदेशातली झाडून सगळी लग्नं केली, पण मनमाडच्या पुढे समुद्राच्या दिशेने काही गेलो नाही. कारण वडील गाडीत बसले की पुढच्या स्टेशनावर उतरून गार्डाच्या डब्यात जायचे, आणि मुक्काम येईपर्यंत आई एकटी पिशव्या सांभाळत बसायची. निवृत्तीनंतर आईने बजावलं की मला समुद्र पाहायचाय, पण रेल्वेने नाही. तेव्हा वडिलांनी, आयुष्यभर फुकट फिरलेल्या माणसाने, पैसे मोजून बसच्या दोन जागा घेतल्या. “पासावर गेलो तर तो प्रवास नव्हे, ड्युटी,” असं वर आम्हालाच ऐकवलं.

सहल काढणारे गृहस्थ धुळ्याचे. सगळे त्यांना नाना म्हणायचे. दर दिवाळीच्या सुट्टीत एक बस ठरवायची, आचारी बरोबर घ्यायचा आणि चाळीसेक माणसांना कुठेतरी फिरवून आणायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. पावती नाही, कागद नाही, सगळा कारभार शब्दावर. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, इसार द्यायचा, बाकी दसऱ्याच्या आत भरायची. बाकी नाही भरली तर जागा दुसऱ्याची आणि इसार बुडाला. वडिलांनी इसार दिला आणि आषाढात ते गेले. भेटायला आले तेव्हा नाना म्हणाले, “जागा मी कुणाला देत नाही. दसऱ्यापर्यंत सांगा.” आबांच्या जागी आता अक्कांबरोबर, म्हणजे आईबरोबर, तुम्ही, असंही म्हणाले. मी मान हलवली. त्या दिवसांत कुणीही काही म्हटलं की मी मान हलवत असे.

आणि मग पितृपक्षात सुरतेत प्लेगची साथ आली. आमची बस धुळ्याहून नवापूरमार्गे सुरत करूनच पुढे जाणार होती.

सुरतेकडून येणाऱ्या गाड्या माणसांनी ओसंडून यायला लागल्या. जळगाव स्टेशनवर तोंडाला रुमाल बांधलेली कुटुंबं उतरायची आणि बघणारे दोन पावलं मागे सरकायचे. मेडिकलच्या दुकानांतून कॅप्सूल संपल्या. आमच्या ऑफिसात प्रत्येकाच्या खिशात कापराची पुडी. मीही ठेवली, तर मला कापराने शिंका यायला लागल्या आणि माझ्या टेबलाकडे कुणी फिरकेना. आठवडाभर एक फाइल आली नाही. नोकरीतला सगळ्यात शांत आठवडा तो.

तर प्रश्न असा, की बाकी भरायची की नाही?

मी ऑफिसात विचारलं. आमचे हेडक्लार्क दारातूनच म्हणाले, “वेडा आहेस का? सुरतेतून बस नेणार? नाक्यावरून परत पाठवतील. इसार गेला समज आणि गप्प बस.” शेजारच्या टेबलावरून आवाज आला, “भरून ठेव रे, रद्द झाली तर परत मिळतील.” “पावती आहे का?” “नाही.” “मग नको भरू.” एवढी चर्चा माझ्या बढतीच्या वेळीही झाली नव्हती.

घरी बायकोला विचारलं. ती भाकरी थापत होती.

“बाकी भरायची का गं?”

“आईंना विचारा.”

“तिला कसं विचारणार?”

“तोंडाने.”

पण विचारणं खरंच अवघड होतं, आणि ते पैशांमुळे नव्हे. आमच्यात नवरा गेलेल्या बाईचं घराबाहेर पहिलं पाऊल माहेरी पडावं लागतं. तिचा भाऊ येतो, दुखवट्याचं लुगडं तिच्या खांद्यावर घालतो, तिला एक दिवस आपल्या घरी घेऊन जातो, जेवू घालतो. मग ती कुठेही जायला मोकळी. तोवर ती उंबरा ओलांडत नाही. आईचा भाऊ, माझा मामा, धुळ्याला. श्राद्धपक्ष झाला की येतो, असं म्हणाला होता. तो आला नाही. निरोपही नाही. त्याचा मुलगा सुरतेला कापडबाजारात कामाला होता आणि तो पळून धुळ्याला घरी आलाय, एवढं कोपऱ्यावरच्या वाण्याकडे आलेल्या फोनवरून आम्हाला कळलं.

आई तीन महिने त्या दोन खोल्यांत होती. दुपारी मागच्या दाराशी बसायची, भिंतीकडे तोंड करून. सहल बुडाली तर ती अशीच बसून राहील हे मला दिसत होतं. सहल निघाली, तर मला वडिलांच्या जागेवर बसून द्वारकेपर्यंत जावं लागेल हेही दिसत होतं. आणि खरं सांगायचं तर ते जास्त नकोसं होतं. त्यांच्या जागेवर बसायचं म्हणजे काय बोलायचं? ते एसटीत दर पुलावर त्या पुलाचा इतिहास सांगायचे. मला आमच्या खात्याच्या पुलांचासुद्धा माहीत नाही.

दसरा जवळ आला तसं मी माझ्यापुरतं ठरवलं. धुळ्याला जायचं, नानांना आमच्या जागा काढून टाका म्हणायचं, इसारातलं काही परत मिळतंय का बघायचं. रजेचा अर्ज दिला. बायकोने दशम्या आणि लसणाची चटणी बांधून दिली.

सकाळी बूट घालत होतो तर आई हातात कापडी पिशवी घेऊन समोर उभी.

“धुळ्याला चाललास ना? मीही येते.”

“अगं पण मामा अजून आला नाही…”

“तो नाही येणार. त्याच्या घरी पोरगा सुरतहून आलाय, तो कुठल्या तोंडाने येईल? मीच जाते.”

“पण रीत…”

“पाऊल माहेरी पडल्याशी मतलब. कुणी आणून टाकलं हे कोण विचारतं?”

मी बायकोकडे पाहिलं. तिने आतून आणखी दोन दशम्या आणून आईच्या पिशवीत घातल्या. म्हणजे घरात हे ठरलेलं होतं आणि फक्त मलाच सांगायचं राहिलं होतं.

धुळ्याची एसटी निम्मी रिकामी होती. सुरतेच्या वाटेवरच्या गावाला तेव्हा कुणी हौसेने जात नव्हतं. कंडक्टरने तोंडावरचा रुमाल खाली ओढून तिकिटं दिली आणि पुन्हा वर ओढला. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. कपाशीची शेतं, केळीची शेतं. आई बाहेर बघत होती, पण बघत होती असं म्हणवत नाही, डोळे त्या बाजूला होते इतकंच. मी दोनदा काहीतरी बोलायचं म्हणून तोंड उघडलं. दुसऱ्यांदा ती म्हणाली, “भूक लागली का?” मी दशमी खाल्ली.

मामाचं घर जुन्या धुळ्यातल्या एका गल्लीत. दार अर्धं लावलेलं. मामा बनियनवर बाहेर आला आणि आईला बघून पायरीवरच थबकला.

“अक्का! तू कशी उनी? थांब, मझार येऊ नको. पोऱ्या सुरतथीन येल शे.”

“कितला दिस व्हयनात?”

“पंधरा दिस व्हयी गयात.”

“ताप? खोकला?”

“काहीच नही. जेवस आनि झोपस.”

“मंग सर बाजूले.”

तीन महिन्यांत आईच्या तोंडून मी ऐकलेली ही पहिली अहिराणी. मामा बाजूला झाला. आत तो पोरगा खाटेवर बसला होता आणि गल्लीतलं कुणी दोन आठवड्यांत दारात आलं नाही म्हणून बाहेरचं माणूस बघून भांबावला होता. आईने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. मामी भिंतीला टेकून उभी राहिली.

लुगडं आणून ठेवलेलं होतं. कपाटावर, दुकानाच्या पिशवीतच. “लई येवाना व्हतू, अक्का,” मामा म्हणाला, “पन हाई घरमझारनं लुगडं तुना घरमा कसं आनू?” त्याने ते तिच्या खांद्यावर घातलं आणि तो रडायला लागला. मामी रडायला लागली. आई रडली नाही. मलाही रडू यावं असं मनापासून वाटलं, म्हणून मी जरा प्रयत्न केला, तर जांभई आली. मामीने ती पाहिली. पुढे कितीतरी वर्षं मामीच्या मनात माझ्याबद्दल जे मत होतं ते त्या जांभईवरून बनलेलं असावं.

जेवण झालं. कळण्याची भाकरी आणि उडदाची डाळ. हात धुता धुता आईने सहलीचं सांगितलं तेव्हा मामी हबकली.

“अक्का, वरीसना मझार तीर्थ कोनी करस का?”

“देवले बाहेरथीन नमस्कार,” आई म्हणाली. “मी ते समुद्र देखाले जासू.”

म्हणजे आई जाणार होती. मी बाकी भरायला नव्हे, जागा काढून टाकायला आलोय, हे तिला सांगायची ती वेळ होती. मी पाणी प्यायलो.

नानांचं घर पांझरेच्या पुलापलीकडे, देवपुरात. अंगणात सहलीची भांडी पालथी घातलेली, मोठमोठी पातेली, झारे, दोन शेगड्या. नाना ओट्यावर बसून होते. आईला बघताच उठले, सतरंजी टाकली, पाणी मागवलं. आम्ही टेकलो न टेकलो तोच म्हणाले, “अक्का, दसऱ्याचं म्हणून आला असाल. पण माझं ऐका, पैसे देऊ नका.”

विकणाराच घेऊ नका म्हणतो, असा प्रसंग आयुष्यात एकदा येतो. मी लगेच पुढे सरसावलो. “आम्हीही तेच म्हणायला आलो होतो, नाना.”

“मी नाही ते म्हणायला आले,” आई म्हणाली.

नानांनी माझ्याकडे पाहिलं, मी पातेल्यांकडे.

“अक्का, खरं सांगतो,” नाना म्हणाले. “बसवाला म्हणतो गाडी देत नाही. आचारी म्हणतो तिकडचं पाणी पिणार नाही. निम्म्या लोकांनी नावं काढून घेतली. सहल निघेल असं मला स्वतःला वाटत नाही. मग तुमचे पैसे कशाला अडकवू?”

“बंद केलीस का तू सहल?”

“अजून नाही. दिवाळीपर्यंत वाट बघणार.”

“मग घे.” तिने बटवा काढला. त्यात पैसे होते. कुठून आणले, कधी ठेवले, मला पत्ता नाही.

“पण अक्का, बंद होणारच आहे म्हटल्यावर…”

आईने नोटा सतरंजीवर ठेवल्या. मग बोलली ती अहिराणीत, आणि आवाज तोच, दूधवाल्याशी बोलली होती तो.

“दूध मी बंद कयं, भाऊ. पेपर मी बंद कया. न्हावीले मीच सांगं, येऊ नको म्हनीसन. बठ्ठं मना हातथीन बंद व्हयनं. हाई एक मी बंद नही करनार. तुले करनं व्हई ते तू कर.”

अंगणात एक शेळी येऊन पालथ्या पातेल्याला नाक लावून गेली. मला आठवतं ते एवढंच, की मला त्या क्षणी आपण फार काहीतरी ऐकलं असं वाटायला हवं होतं आणि मी मनात परतीची एसटी किती वाजता आहे याचा विचार करत होतो. ते वाक्य माझ्यापर्यंत पोचायला पुष्कळ दिवस लागले. टपालाने यावं तसं आलं.

नानांनी पैसे घेतले. “दोन्ही जागांचे?”

“दोन्ही.”

“दुसऱ्या जागेवर हे?”

आईने हनुवटीने माझ्याकडे खूण केली. “हा. बोलत नाही, काही नाही. वाटेत उतरून कुठे जायचाही नाही.”

माझ्या स्वभावाची एवढी बाजू घेऊन कुणी बोलल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही.

त्यानंतरचे दिवस विचित्र होते. दसऱ्याच्या सुमाराला साथ आटोक्यात आल्याच्या बातम्या यायला लागल्या. लोकांच्या तोंडावरचे रुमाल खिशात गेले. मी रोज ऑफिसात पेपर उघडून आधी गुजरातची बातमी बघायला लागलो आणि बघताना माझ्या लक्षात आलं की सहल निघावी की न निघावी यातलं आपल्याला काय हवंय हे आपल्याला सांगता येत नाहीये. आई मात्र तयारीला लागली होती, म्हणजे तिच्या पद्धतीने. दारातल्या मोचीकडून चपलेला नवा पट्टा लावून घेतला. एकदा मला म्हणाली, “समुद्राच्या पाण्याने लुगड्याला डाग पडतात का रे?”

“मला काय माहीत? मी तरी कुठे पाहिलाय?”

“तू पण नाही पाहिलास?”

“तुमच्याबरोबरच होतो ना मी. मनमाडपर्यंत.”

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. हसली म्हणता येणार नाही, पण ते हसण्याच्या गल्लीतलंच काहीतरी होतं.

धनत्रयोदशीच्या सकाळी नाना आले. आमच्याकडे त्या वर्षी तळण नव्हतं, शेजारच्या घरांतून झाकलेल्या ताटल्या येत होत्या आणि स्वयंपाकघरात कुणाची कुठली याचा घोळ चालू होता. नाना खुर्चीच्या अगदी कडेला बसले. आई आतून आली तसे उठून उभे राहिले.

“अक्का, सहल बंद. माणसं भरली नाहीत.” मग थांबून म्हणाले, “मी बंद केली. तुम्ही नाही, मी केली.”

आईने मान हलवली. “बस. चहा घे.”

बायकोने चहा आणला. नानांनी खिशातून पाकीट काढून स्टुलावर ठेवलं. “इसारासकट सगळे आहेत. मोजून घ्या.” मी हात पुढे केला. आईने पाकीट उचललं, उघडलं नाही, नुसतं हातात धरलं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. वाईट वाटलेलं दिसेल असं वाटत होतं. काहीच दिसलं नाही. ती फक्त पाकीट धरून उभी होती, आणि मला वाटलं की आता हे कपाटात जाईल आणि दुपारी ती मागच्या दाराशी जाऊन बसेल, आणि संपलं.

“पुढची सहल कधी काढणार तू?” तिने विचारलं.

“उन्हाळ्यात बघू म्हणतो. दक्षिणेची.”

“तिकडे समुद्र आहे का?”

“आहे म्हणजे? कन्याकुमारीला तर तिन्ही बाजूंनी, अक्का.”

“मला एक बाजू पुरे,” आई म्हणाली आणि पाकीट त्यांच्यापुढे केलं. “तिकडच्या सहलीला लाव.”

“अहो, पण उन्हाळ्याला अजून अवकाश आहे. तोपर्यंत काय होईल, काय नाही…”

“तेव्हाचं तेव्हा.”

नानांनी माझ्याकडे पाहिलं. पाकीट त्यांच्या खिशात परत गेलं. आई आत निघून गेली आणि बायकोला कुठली ताटली कुणाची ते सांगायला लागली.

नानांना मी स्कूटरवरून स्टँडवर सोडलं. दिवाळीची गर्दी होती, धुळ्याची गाडी फलाटाला लागलेली. पायरीवर एक पाय ठेवून ते वळले.

“अक्कांना खिडकी धरतो. आणि तुम्ही?”

“शेजारची,” मी म्हणालो.